खळीच्या टाकीवरचं नाक

आमच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात मला नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. सगळे नाकोबा म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. पुठ्ठ्यावर जो गुळगुळीत पांढरा लेप असतो, ज्यावर मग बिस्किटांची आणि लहान मुलांच्या खाऊची चित्रं छापतात, तो लेप तयार करायचं काम आमचं. त्या विभागाला किचन म्हणतात. पांढरी माती, पाणी, दुधासारखं दिसणारं लॅटेक्स आणि शिजवलेली खळ, असा आमचा स्वयंपाक. हा स्वयंपाक कुणी चाखत नाही, पण त्याचा वास घेणारा एक माणूस लागतो, आणि तो मी.

खळीचं असं आहे की शिजवून ठेवलेली खळ जरा जास्त वेळ राहिली की आंबते. आंबलेली खळ लेपात गेली की पुठ्ठ्याला वास लागतो, पुठ्ठ्याचा खोक्याला आणि खोक्याचा आतल्या बिस्किटाला. मी कामाला लागायच्या आधी एकदा असा अख्खा ट्रक परत आला होता म्हणे. तेव्हापासून पद्धत पडली. टाकीचं झाकण उघडायचं, कुणीतरी वास घ्यायचा, त्यानं मान हलवली की मगच पंप सुरू करायचा. सव्वीस वर्षं तो कुणीतरी मीच होतो. पूर्ण आंबलेली खळ कुणालाही ओळखता येते हो, पण मला ती बिघडायच्या चार-पाच तास आधी कळायची. कागदावर हे कुठंही लिहिलेलं नव्हतं, तरी मोठे साहेबसुद्धा माझी मान हलेपर्यंत थांबायचे.

आठ महिन्यांपूर्वी मला साधी सर्दी झाली. आठवड्यानं ती गेली आणि जाताना वास घेऊन गेली.

मला ते लगेच कळलंही नाही. रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलो होतो आणि बायको आतल्या खोलीत तिच्या बहिणीशी फोनवर बोलत होती. ती धावतच बाहेर आली.

"अहो, दूध!"

बघतो तर माझ्यापासून हातभर अंतरावर पातेल्याचा कोळसा झालेला. बायकोनं गॅस बंद केला, पातेलं उचललं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"आतल्या खोलीत मला वास आला. तुम्हाला इथं बसून आला नाही?"

"पेपर वाचत होतो."

"पेपर डोळ्यांनी वाचतात," ती म्हणाली. मग तिनं कांदा कापून माझ्यासमोर धरला, मग रॉकेलचा बोळा, मग साबण. मला कशाचाच वास येईना. ती खुर्चीत बसली आणि शांतपणे म्हणाली, "उद्या कामावर गेल्या गेल्या साहेबांना सांगा."

"सांगतो," मी म्हणालो, आणि सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, येईल परत, नाहीतर येणारही नाही. एवढं तर मीही सांगितलं असतं.

का सांगितलं नाही, तर माझा स्वभाव. मी कुणाला सोडलेलं नाही. कुणाची बादली सांडली, कुणी पोती मोजायला चुकला, की आठवडाभर मी त्याची सालटी काढायचो. आता माझी पाळी आली म्हटल्यावर ते लोक मला सोडणार होते का? त्यात मानही होता. वास घेता न येणारा नाकोबा म्हणजे कोण, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

मग नाटक सुरू झालं. झाकण उघडायचं, वाकायचं, डोळे मिटायचे, मान हलवायची. खळीचा रंग बघायचो, बुडबुडे बघायचो, किती वाजता शिजवली ते मनात मोजायचो. दुकानात एखाद्या पोराच्या हातात आमच्या पुठ्ठ्याचं खोकं दिसलं की मी दुसरीकडे बघायचो. माझ्यामुळे एखादं लेकरू आजारी पडलं तर, हा विचार डोक्यातून जाईना. बायको रोज संध्याकाळी विचारायची, "सांगितलंत?" आणि मी रोज काहीतरी कारण काढायचो.

आणि नेमका याच काळात फिटर माझ्या डोक्यात जायला लागला.

हा आमचा पंप आणि वाल्व्ह दुरुस्त करणारा. मी त्याला गळती म्हणतो, कारण तो जिथं दिसेल तिथं काहीतरी गळत असतं. त्याचं काम सगळ्या कारखान्यात, पण हा बरोबर खळ सोडायच्या वेळेला माझ्याच टाकीपाशी येऊन उभा राहायला लागला. कधी ग्रीस लावायला, कधी नुसताच. "तुला दुसरी कामं नाहीत का रे?" मी खेकसायचो. तो तरीही पंपाभोवती घुटमळत राहायचा. एकदा तर त्यानं कहर केला. चुकून खालचा वाल्व्ह उघडला म्हणे आणि अख्खी टाकी गटारात गेली. मी त्याला सगळ्यांसमोर असा झाडला की मशीनवरची माणसं खाली बघायला आली. त्याला मेमो मिळाला. दीड महिन्यानं पुन्हा तेच, पुन्हा टाकी गटारात, पुन्हा मेमो. त्या वेळी फोरमनची जागा रिकामी होती आणि ती त्यालाच मिळणार असं सगळे धरून चालले होते. दोन मेमो बघून ती जागा भरायचंच लांबणीवर पडलं. बरं झालं, असं मी मोठ्यानं म्हणालो, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

मग कारखान्यात नवी व्यवस्था यायचं ठरलं आणि तिच्याबरोबर इंजिनिअर बाई आल्या.

बाई तिशीच्या, बुटक्या, आणि टाकीच्या शिडीवर माझ्यापेक्षा भरभर चढणाऱ्या. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. आता पोती खांद्यावरून आणायची नाहीत. माती सायलोतून, म्हणजे बाहेरच्या उंच कोठीतून येणार, पाणी नळीतून, टाक्या वजनकाट्यावर उभ्या राहणार आणि पडद्यावर लिहिलेलं वजन भरलं की वाल्व्ह आपोआप बंद होणार. खळीच्या टाकीत एक काचेची कांडी राहणार. खळ आंबायला लागली की त्या कांडीवरचा आकडा उतरतो, आणि ठरलेल्या आकड्याच्या खाली गेला की पंप सुरूच होत नाही.

हे ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. आता माझ्या मान हलवण्याची गरजच राहणार नव्हती. मला त्या कांडीचे पाय धरावेसे वाटले, तिला पाय असते तर.

पण आमच्या युनियनच्या पुढाऱ्याचं वेगळंच चाललं होतं. माणूस मनानं सोन्यासारखा, फक्त त्याला लढायला काहीतरी लागतं. त्यानं जेवणाच्या सुट्टीत खुर्चीवर उभं राहून भाषण ठोकलं. "सव्वीस वर्षं ज्या नाकानं कारखान्याची अब्रू राखली, ते नाक तुम्ही एका काचेच्या कांडीसाठी बाजूला सारणार?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून म्हणालो की मशीन चांगलं आहे, येऊ द्या. तर पुढाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा," तो म्हणाला, "स्वतःचं जातंय तरी तक्रार नाही!" ज्यांना मी वर्षानुवर्षं टोचून बोललो तीच माणसं माझ्यासाठी काम बंद करायला तयार झाली होती. त्यांची ती माया बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी साहेबांनी तोडगा काढला. मशीन सगळं करेल, पण शेवटचा शब्द नाकोबाचा. कांडी नको म्हणाली आणि नाकोबा हो म्हणाला, तर नाकोबाचं ऐकायचं. सगळ्यांनी माझ्या पाठीवर इतके धपाटे घातले की दोन दिवस पाठ दुखत होती. ज्यातून सुटायला मी देव पाण्यात घालून बसलो होतो, त्यातच मला कायमचं अडकवून ठेवलं होतं.

त्याच्यावर कडी इंजिनिअर बाईंनी केली. कांडीवर कोणता आकडा ठरवायचा, हे त्यांना हवं होतं. "पुस्तकातला आकडा माझ्याकडे आहे काका," त्या म्हणाल्या, "पण तुमची खळ, तुमचं पाणी वेगळं. मी सात बरण्या भरून ठेवते. पहिली ताजी, सातवी दोन दिवसांची. तुम्ही ओळीनं वास घ्या आणि जिथं नको म्हणाल तिथला आकडा मी मशीनमध्ये घालते. म्हणजे तुम्ही निवृत्त झालात तरी तुमचं नाक इथंच राहील."

इतकं गोड बोलून कुणी कुणाच्या गळ्याला फास लावला नसेल.

नवी व्यवस्था बसवून झाली, फक्त आकडा घालायचा राहिला. बरण्यांच्या दिवशी सकाळी मी नळावर हात धूत होतो. हात स्वच्छच होते, तरी धूत होतो. तेवढ्यात गळती शेजारी येऊन उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "पाचवी."

"काय पाचवी?"

"पाचवीपासून पुढच्या गेलेल्या आहेत. तीनपर्यंत चांगल्या आहेत. सकाळी प्रयोगशाळेतला नळ दुरुस्त करताना मी सगळ्यांचा वास घेतला. चौथीचं मात्र मला कळत नाही. माझं नाक साधं आहे."

मला आधी रागच आला. "मला काय सांगतोस? मला वास येत नाही की काय?"

"नाही येत," तो म्हणाला. "सात महिने झाले मला कळून. तुझ्या पाठीमागे पंपाचा पट्टा जळत होता. असा वास की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तू निवांत डबा खात बसला होतास. वर मलाच म्हणालास, इथं कशाला तडमडलास."

नळ वाहत होता तो त्यानंच बंद केला. मी विचारलं, "त्या दोन टाक्या?"

"आंबल्या होत्या. तू मान हलवायच्या बेतात होतास. मी काय करणार? वाल्व्ह उघडला."

"आणि रोज तू जो टाकीपाशी यायचास..."

"मग काय तुझं तोंड बघायला येत होतो?"

सात महिने. सात महिने हा माणूस माझ्या शिव्या खात रोज माझ्या आधी वास घेऊन जात होता. आणि मला वाटायचं, नशिबानं निभावतंय.

"मग बोलला का नाहीस, शहाण्या?"

"तुला? बोललो असतो तर तू मला त्याच टाकीत बुडवलं असतंस." तो हात पुसत म्हणाला, "आणि माझ्या पोरी तीच बिस्किटं खातात. खोकं दिसलं की सांगत सुटतात, हे बाबांच्या कारखान्यातलं. जा आता, बोलावतायत. पाचवी म्हण. पुढचं बघू."

प्रयोगशाळेत सगळी पाळी जमली होती. पुढारी सगळ्यांत पुढे. साहेब एका बाजूला हाताची घडी घालून उभे होते. टेबलावर सात बरण्या ओळीनं मांडलेल्या, आणि बाई वही उघडून बसलेल्या.

मी पहिली बरणी उघडली, वाकलो, डोळे मिटले आणि "चांगली" म्हणालो. दुसरी चांगली. तिसरी चांगली. मागून कुणीतरी कौतुकानं वा वा केलं. मी चौथीचं झाकण हातात घेतलं.

पुढचं सोपं होतं. चौथी चांगली म्हणायचं, पाचवीला नाक मुरडायचं, टाळ्या घ्यायच्या. कदाचित चौथी खरोखर चांगली असेलही. नसेल तर? मला ठाऊक नव्हतं, फिटरला ठाऊक नव्हतं, आणि बाई माझा शब्द त्या मशीनमध्ये घालून निघून जाणार होत्या. मी घरी बसल्यावरही ते मशीन माझ्या खोट्या शब्दावर खळ पुढे सोडत राहणार होतं. आणि कांडी नको म्हणाली तरी मीच हो म्हणणारा. म्हणजे मी निवृत्त होईपर्यंत आणखी पाच वर्षं हा फिटर माझ्या मागे वास घेत फिरणार, आणि मी त्याला सगळ्यांसमोर झाडत राहणार. मी त्याच्याकडे बघितलं. तो दाराशी उभा राहून छताकडे बघत होता, जणू त्याचा या प्रकाराशी संबंधच नाही.

"काका, घाई नाही," बाई म्हणाल्या.

"मला वास येत नाही," मी म्हणालो. "आठ महिने झाले. कशाचाच येत नाही."

मग पुढारी पुढे झाला आणि माझ्या कानाशी लागला. "खेळी चांगली आहे नाकोबा, पण आधी मला सांगायचं होतं."

"खेळी नाही रे बाबा. खरंच येत नाही."

साहेबांनी घडी सोडली. "मग आठ महिने खळ चांगली कशी निघाली?"

"यानं काढली," मी दाराकडे बोट केलं. फिटर तोवर निसटायच्या बेतात होता, त्याला दोघांनी धरून आत आणलं. मग मी सगळं सांगितलं. पट्टा, दोन टाक्या, दोन मेमो, माझ्या शिव्यासुद्धा. आठ महिने लपवालपवी करून मी थकून गेलो होतो.

मला वाटलं होतं, आता हसतील. कुणी हसलं नाही. ज्याची मी पोती मोजण्यावरून सर्वांत जास्त चेष्टा केली होती, तो म्हणाला, "अहो, एवढं एकट्यानं कशाला सहन केलंत?" आणि मला खुर्ची आणून दिली. हे मात्र मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

इंजिनिअर बाईंनी वहीतलं पान फाडलं. "बरं झालं आत्ता बोललात काका," त्या म्हणाल्या. "तुमचं ऐकून मी आकडा घातला असता आणि निर्धास्त गेले असते." मग त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. एकोणीस माणसांनी ओळीनं सात बरण्यांचा वास घेतला. पुढाऱ्यानं सातवीवर असं तोंड केलं की ते बघूनच पुढचे दोघे मागे सरकले. पाचवी वाईट, यावर सगळ्यांचं एकमत झालं. चौथीवर दहा जण चांगली म्हणाले आणि नऊ जण वाईट.

"शंका आहे म्हणजे आकडा तिसरीचा," बाई म्हणाल्या आणि तो लिहिला. शेवटच्या शब्दाची अट साहेबांनी तिथंच रद्द केली. पुढाऱ्यानंही हात वर केला, तो बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांच्या बाजूनं.

दुपारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. म्हणालो, ते दोन मेमो माझे आहेत, माझ्या फायलीत लावा. साहेब म्हणाले, मेमो असा इकडून तिकडे करता येत नाही. त्यांनी फिटरची फाईल मागवली, दोन्ही मेमोंवर आडवी रेघ मारून सही केली, आणि मग एक कोरा कागद घेऊन मला माझा वेगळा मेमो लिहून दिला. प्रकृतीची माहिती लपवून उत्पादन धोक्यात घातल्याबद्दल. सव्वीस वर्षांतला पहिला. मी तो दोनदा वाचला. एक शब्दही चुकीचा नव्हता. मेमो मिळाल्याची माझी सही इतकी वळणदार आली की साहेबांनीही वर बघितलं.

"फोरमनच्या जागेचं काय साहेब?"

"ते मी बघतो. तुम्ही तुमचं बघा," ते म्हणाले, पण आवाजात राग नव्हता.

किचनमध्ये आलो तर पहिला आपोआप होणारा लेप तयार होत होता. पाणी स्वतः आलं, मोजून थांबलं. माती आली. कुणाच्या खांद्यावर पोतं नव्हतं, कुणाच्या भुवया धुळीनं पांढऱ्या झालेल्या नव्हत्या. पडद्यावर कांडीचा आकडा स्थिर झाला आणि सवयीनं चार-पाच माना माझ्याकडे वळल्या. त्या वळेपर्यंत पंप सुरूही झाला होता. त्या मशीनचे, ते बसवणाऱ्या बाईंचे, मला खुर्ची देणाऱ्याचे, सगळ्यांचे मी मनातल्या मनात आभार मानले. एकाचे मात्र तोंडानं मानायचे होते.

गळती टाकीखाली पाठीवर पडून नव्या नळीचा सांधा आवळत होता. त्याचे फक्त पाय दिसत होते. मी त्या पायांपाशी जाऊन उभा राहिलो. आभार मानायची सवय नाही मला.

"ऐक," मी म्हणालो. "तू माझ्यासाठी जे केलंस ना..."

"बॅटरी धर," आतून आवाज आला.

"काय?"

"बॅटरी धर रे. काही दिसत नाही इथं."

मी गुडघे टेकून खाली बसलो आणि बॅटरी धरली. "खाली," तो म्हणाला. मी खाली केली. "एवढी खाली नको. डोळे आहेत ना तुला? डावीकडे." मी डावीकडे केली. एरवी मला असं बोलायची कुणाची टाप नव्हती. हात भरून आला तरी मी बॅटरी हलू दिली नाही, सांधा पक्का होईपर्यंत.